वापरलेल्या रॅपिड टेस्टमधून विषाणूचा जीनोम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॅपिड टेस्ट फक्त पॉझिटिव्ह की निगेटिव्ह एवढेच सांगते. तिच्यातून जीनोम, म्हणजे विषाणूचा पूर्ण जनुकीय मजकूर, कसा मिळतो?

टेस्ट विषाणूचे प्रथिन ओळखते, पण त्या प्रथिनाबरोबर विषाणूचा आरएनएही नळीत उतरलेला असतो. स्वॅब बफरमध्ये घोळला की शेंबूड, पेशी आणि विषाणू सगळेच त्यात येते. बफरमधले डिटर्जंट विषाणूचे स्निग्ध आवरण फोडते आणि आतले न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिन मोकळे होते. स्ट्रिपवरच्या अँटिबॉडी हे प्रथिन पकडतात. आरएनएशी त्यांना देणेघेणे नसते. तो स्ट्रिपच्या पॅडमध्ये आणि नळीत उरलेल्या बफरमध्ये शिल्लक राहतो, आणि एरवी कचऱ्यात जातो.

कल्पना नवी नाही. मलेरियाच्या वापरलेल्या रॅपिड टेस्टमधून परजीवीचा डीएनए काढून औषध-प्रतिरोध तपासण्याचे काम कोविडच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. आरएनए डीएनएपेक्षा नाजूक असल्यामुळे विषाणूंच्या बाबतीत काळजी जास्त घ्यावी लागते, एवढाच फरक.

आरटी-पीसीआरचे नमुने असताना याची गरज काय?

जिथे ते असतात तिथे गरज नाही. अडचण जिथे नसतात तिथली आहे. डिसेंबर २०२० मध्ये इन्साकॉग हे देशातल्या प्रयोगशाळांचे जाळे उभे राहिले, तेव्हा जीनोमची सगळी साखळी आरटी-पीसीआरच्या नमुन्यांवर बेतलेली होती: व्हीटीएमची (विषाणू जपून नेणाऱ्या द्रवाची) नळी, शीतसाखळी, पीसीआर लॅब आणि तिथून पुढे सिक्वेन्सिंग, म्हणजे जीनोमची अक्षरे वाचणे. दुसरीकडे जून २०२० पासून आयसीएमआरच्या मान्यतेने अँटिजेन टेस्ट सुरू झाल्या होत्या. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅबच्या घरी करायच्या टेस्टलाही मान्यता मिळाली. २०२२ च्या सुरुवातीला ओमिक्रॉनची लाट आली तेव्हा असंख्य लोकांनी घरीच स्ट्रिप पाहिली आणि कचऱ्यात टाकली. पीसीआर लॅबपासून लांबच्या तालुक्यांतही निदान बहुतांशी रॅपिडवरच होते. म्हणून कोणता प्रकार कुठे पसरतोय याचा नकाशा शहरांभोवती दाट आणि बाकी ठिकाणी विरळ राहतो. वापरलेली स्ट्रिप ही विरळ जागा भरायला उपयोगी पडते. पीसीआर नमुन्यांची जागा मात्र तिने घेऊ नये. कारण पुढे येईलच.

कोणत्याही रॅपिड टेस्टमधून जीनोम निघतो का?

नाही. फक्त अँटिजेन टेस्टमधून, म्हणजे जिथे विषाणू स्वतः नमुन्यात असतो तिथून. कोविड, इन्फ्लुएंझा ए/बी, आरएसव्ही यांच्या नाकाच्या स्वॅबवरच्या टेस्ट चालतात. डेंग्यूची एनएस१ टेस्ट चालते, पण अटींसह. एचआयव्ही, हिपॅटायटिस सी यांच्या अँटिबॉडी टेस्ट आणि डेंग्यूची आयजीएम-आयजीजी पट्टी या कामाला निरुपयोगी, कारण त्या शरीराचा प्रतिसाद मोजतात. विषाणू तोवर रक्तातून गेलेलाही असू शकतो.

नळीत उरलेला बफर घ्यावा की स्ट्रिप?

टेस्ट केंद्रावरच हाताशी असेल तर बफर. कॅसेट दुरून येणार असेल तर स्ट्रिप.

हिशेब असा. व्हीटीएमच्या नळीत साधारण ३ मिलिलिटर द्रव असतो. रॅपिडच्या नळीत ३०० ते ४०० मायक्रोलिटर. एकच स्वॅब ३५० मायक्रोलिटरमध्ये घोळला तर विषाणू व्हीटीएमपेक्षा साडेआठ पट घट्ट मिळतो. सीटीच्या भाषेत (सीटी म्हणजे विषाणू दिसायला पीसीआरची किती चक्रे लागली तो आकडा; तो जितका कमी तितका विषाणू जास्त) हा सुमारे तीन चक्रांचा फायदा. अर्थात नाकाच्या पुढच्या भागातला स्वॅब घशापर्यंत जाणाऱ्या स्वॅबइतका विषाणू आणत नाही, त्यामुळे यातला काही फायदा तिथेच खर्च होतो. कॅसेटवर तीन ते पाच थेंब टाकले की साधारण १०० ते १५० मायक्रोलिटर जातात आणि उरलेले २०० च्या आसपास सिक्वेन्सिंगला पुरेसे असतात.

पण बफर ओला असतो. डिटर्जंटने विषाणू उघडा पडलेला, आणि नाकातून आलेले, आरएनए तोडणारे आरएनएज एन्झाइम त्याच नळीत जिवंत. आरएनएज थांबवणारे घटक रॅपिडच्या बफरमध्ये असतीलच असे नाही. म्हणून बफर घ्यायचा असेल तर त्याच दिवशी ग्वानिडिन (आरएनएज निकामी करणारे रसायन) असलेल्या लायसिस बफरमध्ये, म्हणजे विषाणू फोडणाऱ्या द्रवात, मिसळावा, नाहीतर थंड ठेवून लगेच लॅबला पाठवावा. स्ट्रिपचे उलट आहे. ती वाळते, आणि पाणी नसले की आरएनएजचे फारसे चालत नाही. स्ट्रिपमध्ये नमुन्याचा तिसरा हिस्साच गेलेला असतो आणि पॅडमधून सगळा परत निघत नाही, त्यामुळे सीटी बफरपेक्षा काही चक्रांनी जास्त येतो. पण तेवढ्या बदल्यात बर्फाशिवायचा प्रवास मिळतो.

स्ट्रिप कशी आणि किती दिवस ठेवायची?

निकाल वाचून झाल्यावर कॅसेट स्वच्छ, सावलीच्या जागी वाळू द्यावी. ओली कॅसेट झिप-पिशवीत कोंडली की आत दमटपणा धरतो, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर हमखास. वाळल्यावर प्रत्येक कॅसेट वेगळ्या झिप-पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी. रंग बदलणारे जेल घेतले तर पुडी संपली हे बाहेरूनच कळते. आठवडाभरात लॅबला पोहोचणार असेल तर २ ते ८ अंशांचा फ्रीज उत्तम, फ्रीज नसेल तर घरातली सर्वांत थंड, कोरडी जागा. त्याहून जास्त काळासाठी उणे २० किंवा उणे ८० अंश.

उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवलेल्या पिशव्यांकडून काही अपेक्षा करू नये.

सगळ्या पॉझिटिव्ह कॅसेट पाठवायच्या का?

नाही. टेस्टची रेघ जितकी लवकर आणि जितकी गडद, तितका विषाणू जास्त. दिलेल्या वेळेच्या आत, म्हणजे बहुतेक टेस्टमध्ये १५ मिनिटांत, स्पष्ट रेघ आलेल्या कॅसेट आधी निवडाव्यात. फिकट रेघेच्या कॅसेटमधून पूर्ण जीनोम क्वचितच निघतो. ठरलेल्या वेळेनंतर उमटलेली रेघ तर पॉझिटिव्हच धरायची नसते. वाळताना तिथे रंग साठू शकतो. म्हणून रेघेचा फोटो वेळेवर काढून ठेवावा. चार दिवसांनी लॅबमध्ये कॅसेट पाहून रेघ किती गडद होती हे ठरवता येत नाही.

स्ट्रिपमधून आरएनए काढण्याची पद्धत काय?

बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये, दुहेरी हातमोजे घालून. किटच्या डिटर्जंटने विषाणू मेला असे गृहीत धरू नये. तो पूर्ण निष्क्रिय होईलच याची हमी नसते.

१. कॅसेटची बाहेरची बाजू ७० टक्के अल्कोहोलने पुसा. कडेच्या फटीत चपटे हत्यार घालून कॅसेट उघडा आणि स्ट्रिप चिमट्याने उचला.

२. नव्या ब्लेडने स्ट्रिपचे ३ ते ५ मिलिमीटरचे तुकडे करा. सॅम्पल पॅड, कॉन्जुगेट पॅड, नायट्रोसेल्युलोज आणि शेवटचा शोषक पॅड, सगळे घ्या. बरेच जण फक्त रेघेचा भाग कापतात. ते चूक आहे, कारण रेघेवर प्रथिन अडकते, द्रव मात्र दोन्ही टोकांच्या पॅडमध्ये बसलेला असतो.

३. तुकडे २ मिलिलिटरच्या नळीत टाका. कॉलमच्या (आरएनए धरून ठेवणाऱ्या गाळणीच्या) नेहमीच्या किटमध्ये १४० मायक्रोलिटर नमुना आणि ५६० मायक्रोलिटर लायसिस बफर हे प्रमाण असते. इथे नमुन्याच्या जागी १४० मायक्रोलिटर न्यूक्लिएजमुक्त पाणी किंवा पीबीएस (क्षारांचे सौम्य द्रावण) घ्या आणि लायसिस बफर तेवढाच ठेवा. कॅरियर आरएनए (किटमध्ये येणारा भरीचा आरएनए) विसरू नका. इतक्या थोड्या आरएनएला कॉलमवर धरून ठेवायला तोच मदत करतो.

४. खोलीच्या तापमानाला १० मिनिटे ठेवा, मधूनमधून व्हॉर्टेक्स करा. मग जोरात सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव नव्या नळीत घ्या. पॅड थोडा द्रव पिऊन टाकतात, तेव्हा ७०० पैकी सगळे परत मिळणार नाहीत. ग्लास-फायबरचे धागे मात्र येऊ देऊ नका, ते कॉलम तुंबवतात.

५. पुढे किटप्रमाणे: मिळालेल्या द्रवाच्या प्रमाणात इथेनॉल, दोन धुलाया, आणि शेवटी ६० ऐवजी ४० मायक्रोलिटरमध्ये इल्यूशन, म्हणजे कॉलमवरचा आरएनए द्रवात उतरवून घेणे. आरएनए थोडा असताना तो पातळ करण्यात अर्थ नाही.

चुंबकीय मण्यांची पद्धतही चालते. फक्त डिटर्जंटमुळे फेस आला तर पिपेट चुकीचे माप घेते, म्हणून आधी थोडा वेळ स्पिन करा.

सांडलेला लायसिस बफर ब्लीचने पुसला तर चालेल का?

अजिबात नाही. ग्वानिडिन क्षार आणि सोडियम हायपोक्लोराइट एकत्र आले की विषारी वायू तयार होतात. आधी पाणी आणि साबणाने पुसा. टाकाऊ द्रवाची बाटली वेगळी ठेवा आणि तिच्यात ब्लीच ओतू नका. ग्वानिडिन न लागलेले स्वॅब, कॅसेटचे कवच वगैरे जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे जाईल.

सिक्वेन्सिंगला बसवण्याआधी काय तपासावे?

आरटी-पीसीआर करून सीटी पाहावा. सीटी २८ पर्यंत असेल तर निर्धास्त पुढे जा. २८ ते ३२ मध्ये जीनोम बहुधा अर्धवट येईल. त्या गावाचा तो एकच नमुना असेल तर घ्या, शहरातल्या पन्नासांपैकी एक असेल तर सोडा. ३२ च्या वर बारकोड (नमुना ओळखण्यासाठी जोडायचा डीएनएचा तुकडा) वाया घालवू नका. हे आकडे किट आणि जनुकाप्रमाणे एक-दोन चक्रांनी सरकतात, तेव्हा आपल्या लॅबचा उंबरठा आपणच ठरवावा.

त्यापुढची कृती नेहमीचीच का?

हो. कोविडसाठी आर्टिक या प्रचलित पद्धतीत ८ मायक्रोलिटर आरएनए आणि २ मायक्रोलिटर आरटी मिश्रण घेऊन सीडीएनए, म्हणजे आरएनएची डीएनए प्रत, होतो: २५ अंशांवर २ मिनिटे, ५५ वर १० मिनिटे, ९५ वर १ मिनिट. मग जीनोम छोट्या तुकड्यांत वाढवायचा: प्रायमरचे (प्रत्येक तुकड्याची टोके ठरवणाऱ्या डीएनएचे) दोन पूल, दोन वेगळ्या नळ्यांत. शेजारचे तुकडे एकमेकांवर चढलेले असल्याने एकाच नळीत घातले तर पीसीआर फक्त मधला आखूड तुकडा वाढवत बसते. प्रत्येक नळी २५ मायक्रोलिटरची: १२.५ मास्टर मिक्स, २.५ सीडीएनए, उरलेले प्रायमर आणि पाणी. ९८ अंशांवर १५ सेकंद आणि ६३ अंशांवर ५ मिनिटे अशी चक्रे. स्ट्रिपच्या नमुन्यांना सरसकट ३५. नुसती पीसीआरच साडेतीन तासांच्या आसपास जाते. सकाळी स्ट्रिप कापायला घेतल्या तर संध्याकाळपर्यंत लायब्ररी (सिक्वेन्सिंगसाठी तयार डीएनए) होते, रात्रभर मिनआयन हे छोटे नॅनोपोर सिक्वेन्सर यंत्र चालते आणि दुसऱ्या दिवशी निकाल हातात येतो.

४०० बेसचे (जीनोमच्या अक्षरांचे) तुकडे घ्यावेत की १२०० चे?

स्ट्रिपसाठी ४००. १२०० बेसच्या संचात २९ तुकड्यांतच सगळा जीनोम बसतो, काम सुटसुटीत होते आणि ताज्या व्हीटीएमसाठी ते छान आहे. पण वाळलेल्या स्ट्रिपमधला आरएनए तुटलेला असतो. तुकडा वाढायचा तर त्याच्या दोन टोकांमधली लांबी अखंड लागते, आणि १२०० बेस अखंड सापडण्याची शक्यता ४०० पेक्षा बरीच कमी. ४०० च्या संचात ९८-९९ तुकडे आहेत. दोन-चार गेले तरी बाकीचे राहतात.

जीनोममध्ये खूप ‘एन’ येतात. निकाल ग्राह्य धरायचा का?

कशासाठी हवा त्यावर अवलंबून. सार्स-कोव्ह-२ चा जीनोम २९,९०३ बेसचा. नॅनोपोरमध्ये एखादी जागा २० पेक्षा कमी वेळा वाचली गेली असेल (रीड कमी असतील) तर तिथे अक्षराऐवजी एन लिहितात. पँगोलिन हे वर्गीकरणाचे सॉफ्टवेअर मूळ सेटिंगमध्ये ३० टक्के एनपर्यंतचा जीनोम स्वीकारते. पण स्वीकारले म्हणजे नाव बिनचूक दिले असे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये गोवा आणि महाराष्ट्रातही सापडलेला जेएन.१ घ्या. त्याला बीए.२.८६ पासून वेगळे पाडणारा महत्त्वाचा बदल स्पाइकमधला एल४५५एस. नेमक्या त्या जागी एन असतील तर ९० टक्के जीनोम हाती असूनही नमुना बीए.२.८६ म्हणून नोंदला जाऊ शकतो. म्हणून टक्केवारीआधी स्पाइकचा भाग भरला आहे का ते नेक्स्टक्लेड या जीनोम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डोळ्यांनी पाहा. ‘हा ओमिक्रॉनच्या कुळातला आहे’ एवढेच सांगायचे असेल तर अर्धा जीनोमही पुरतो. संसर्ग कोणाकडून कोणाकडे गेला हे जोडायचे असेल तर ९५ टक्क्यांखाली जाऊ नका.

तुकडे गळाले, पण कारण आरएनएचे आहे की प्रायमरचे हे कसे ओळखावे?

सगळ्या नमुन्यांत तोच तुकडा गेला असेल तर प्रायमर बसतो त्या जागी विषाणू बदलला आहे. डेल्टाच्या वेळी आर्टिकच्या तिसऱ्या आवृत्तीत ७२ क्रमांकाचा तुकडा असाच गळायचा आणि स्पाइकमधला जी१४२डी हा बदल दिसेनासा व्हायचा. चौथी आवृत्ती त्यानंतर आली. प्रत्येक नमुन्यात वेगळाच तुकडा गेला असेल तर आरएनए थोडा किंवा तुटका आहे. तेव्हा प्रायमर बदलून काही होत नाही, साठवण सुधारावी लागते.

निगेटिव्ह कंट्रोल म्हणून पाणी पुरते का?

पाणी हवेच, पण स्ट्रिपसाठी पुरत नाही. त्याच लॉटची न वापरलेली कॅसेट नुसत्या बफरने चालवून पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत न्या. कापताना धागे उडतात, चिमटा पुसायचा राहतो, आणि शेजारच्या नमुन्याचा आरएनए येतो. हे पाण्याच्या नळीत दिसत नाही. ३५ चक्रांत असा कणभर अंशही जीनोमसारखा वाढतो. प्रत्येक स्ट्रिपला नवे ब्लेड घ्या, कापण्याची खोली आणि पीसीआरनंतरची खोली वेगळी ठेवा. एकाच नमुन्यात दोन प्रकारांच्या खुणा एकत्र दिसल्या तर सहसंसर्गाची बातमी करण्याआधी पुन्हा नव्याने एक्स्ट्रॅक्शन करा. बहुतेक वेळा ती मिसळच निघते.

डेंग्यूच्या एनएस१ टेस्टचे काय?

इथे रेघ फसवते. एनएस१ हे विषाणूने पेशीबाहेर सोडलेले प्रथिन आहे, विषाणूचा भाग नव्हे. ताप आल्यावर साधारण पाच दिवसांत विषाणू रक्तातून ओसरतो. एनएस१ मात्र नवव्या दिवसापर्यंत सापडू शकते. म्हणजे सातव्या दिवशीच्या गडद रेघेखाली आरएनए नसणे अगदी शक्य आहे. म्हणून डेंग्यूच्या कॅसेटवर ‘तापाचा कितवा दिवस’ लिहिलेले नसेल तर ती आम्ही रांगेत शेवटी ठेवतो. पहिल्या तीन-चार दिवसांतल्या कॅसेट सर्वोत्तम.

आणखी दोन अडचणी. बोटातून घेतलेल्या पूर्ण रक्ताच्या स्ट्रिपमध्ये हिमोग्लोबिन येते आणि ते पीसीआर अडवते. एक धुलाई जास्त करावी, पीसीआरमध्ये बीएसए (अडथळा शोषून घेणारे प्रथिन) घालावे, किंवा शक्य असेल तिथे सिरमच वापरावे. दुसरे, डेंग्यूचे चार सिरोटाइप (उपप्रकार) एकमेकांपासून इतके वेगळे आहेत की त्यांचे प्रायमर संच वेगळे लागतात. आधी सिरोटाइपची पीसीआर, मग त्याचा संच. १०,७०० बेसच्या आसपासचा जीनोम पुरा आला नाही तरी नुसता सिरोटाइप कळणेसुद्धा जिल्ह्याला मोलाचे असते. पावसाळ्यात नवा सिरोटाइप शिरला की गंभीर रुग्ण वाढण्याची शक्यता असते.

आणि इन्फ्लुएंझा?

इन्फ्लुएंझा ए चा जीनोम आठ वेगळ्या तुकड्यांत असतो. या सगळ्यांची टोके सारखी, त्यामुळे एकाच प्रायमर जोडीने आठही तुकडे वाढवता येतात. सोय मोठी, पण प्रायमर टोकांवर असल्याने प्रत्येक तुकडा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड लागतो. पीबी२ आणि पीबी१ हे सर्वांत लांब तुकडे प्रत्येकी २,३४१ बेसचे. वाळलेल्या स्ट्रिपमधून आधी तेच जातात. एम आणि एनएस हे १,००० च्या आसपासचे आखूड तुकडे टिकतात. लसीशी जुळणी पाहण्यासाठी लागणारा एचए मध्येच कुठेतरी, सुमारे १,७५० बेसचा. तो कधी येतो, कधी नाही. एचए गेला असेल तर त्याच्यापुरते दोन-तीन आखूड तुकड्यांचे प्रायमर वापरणे परवडते.

फक्त रॅपिडच्या नमुन्यांवर देखरेख चालवली तर?

तर दोन गोष्टी दिसणार नाहीत. पहिली, कमी विषाणूभाराचे रुग्ण. रॅपिड त्यांना पकडतच नाही. दुसरी जास्त गंभीर. न्यूक्लिओकॅप्सिडमध्ये बदल होऊन एखादा प्रकार टेस्टच्या अँटिबॉडीला चुकवू लागला तर त्याचे रुग्ण निगेटिव्ह येतील आणि आपल्या जाळ्यात कधीच पडणार नाहीत. न्यूक्लिओकॅप्सिडमधल्या डी३९९एन या बदलाने काही टेस्टची संवेदनशीलता कमी झाल्याचे दिसले आहे. ज्या चाळणीतून निसटणाऱ्यांना शोधायचे, त्याच चाळणीत उरलेल्यांकडे पाहून ते सापडत नाहीत. म्हणून लक्षणे असलेल्या पण रॅपिड निगेटिव्ह आलेल्या रुग्णांपैकी काहींचे आरटी-पीसीआर आणि सिक्वेन्सिंग चालूच ठेवावे.

कॅसेटबरोबर कोणती माहिती हवी?

नमुना घेतल्याची तारीख, तालुका आणि जिल्हा, वय, लिंग, लक्षणे सुरू झाल्याची तारीख, किटचे नाव आणि लॉट क्रमांक. नाव आणि फोन नको. केंद्राने सांकेतिक क्रमांक द्यावा आणि त्याची यादी स्वतःकडे ठेवावी. लेबल कॅसेटवर आणि पिशवीवर दोन्हीकडे, पेन्सिलने किंवा अल्कोहोलने न पुसल्या जाणाऱ्या पेनने लिहावे. साधी मार्कर पेन पहिल्याच पुसण्यात जाते. तारीख नसलेला पूर्ण जीनोम देखरेखीच्या दृष्टीने जवळपास निरुपयोगी असतो, आणि या कामात आरएनए बिघडून वाया जाणाऱ्या कॅसेटइतक्याच कॅसेट लेबलामुळे वाया जातात.

रुग्णाला निकाल कळवायचा का?

नाही. कोणता प्रकार आहे यावर त्याचे उपचार बदलत नाहीत आणि ही पद्धत वैयक्तिक निदानासाठी प्रमाणित नाही. उरलेला नमुना देखरेखीसाठी वापरला जाईल हे मात्र केंद्रावर आधीच सांगावे आणि संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी घेतलेली असावी.

घरी केलेल्या टेस्ट गोळा करता येतील?

येतील, पण टपालपेटीत टाकून नव्हे. संसर्गजन्य नमुन्याला तीन थरांचे वेष्टन लागते: आत झिप-पिशवी, मग न गळणारा डबा, बाहेर मजबूत खोका आणि त्यावर यूएन ३३७३ ही जैविक नमुन्याची खूण. आरोग्य केंद्रात किंवा औषध दुकानात कॅसेट जमा करून तिथून एकत्र पाठवणे सोपे पडते. बेल्जियममध्ये २०२२ मध्ये वापरलेल्या अँटिजेन टेस्टमधून असे सिक्वेन्सिंग करून पाहिले गेले आणि त्याच स्ट्रिपमध्ये इतर श्वसनविषाणूही शोधता आले.

एखाद्या जिल्ह्याने सुरुवात कशी करावी?

आधी जोड्या घ्या. तीसेक रुग्णांकडून एकाच वेळी व्हीटीएम आणि रॅपिड असे दोन स्वॅब. स्ट्रिप आठवडाभर तुमच्याच हवामानात, तुमच्याच पिशवीत ठेवा आणि मग दोन्ही सिक्वेन्स करा. तीन गोष्टी पाहा: सीटी किती चक्रांनी वाढला, स्पाइक किती नमुन्यांत भरला, आणि दोन्हीकडून तोच प्रकार आला का. निकाल वेगळे आले तर आधी लेबल तपासा, मग निगेटिव्ह कंट्रोल, मग एनची जागा, याच क्रमाने. किटचा ब्रँड बदलला की बफर आणि पॅड दोन्ही बदलतात, तेव्हा दहा-बारा जोड्या पुन्हा कराव्यात.